क्रिप्टोत पैसे घालण्याआधी : कर, टीडीएस आणि गोठलेली बँक खाती

दर पंधरा दिवसांनी ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "क्रिप्टोवर बंदी आहे ना आपल्याकडे?" आणि तेवढ्यात दुसरं कुणी म्हणतं, "सरकार टॅक्स घेतं म्हणजे मान्यता दिलीच की!" दोघांनाही उत्तर 'नाही' असंच द्यावं लागतं. नव्या माणसाला होणारा बहुतेक त्रास या दोन 'नाहीं'च्या मधेच होतो.

मी २०२१ पासून थोड्या रकमेनं क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी, घेतो आणि विकतो. त्यात एकदा माझं पगाराचं खातं अकरा आठवडे अडकलं होतं. त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच जणांचे हिशेब लावून दिले, बँकेला द्यायची पत्रं लिहून दिली. क्रिप्टो घ्या किंवा घेऊ नका, यावर मी बोलणार नाही. घ्यायचं ठरलंच असेल तर कुठल्या क्रमानं जावं, तेवढं सांगतो.

आधी कायदा कुठे उभा आहे ते बघा

६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं आणि क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्यांना सेवा द्यायला बँकांना मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द ठरवलं. तरीही काही बँका ग्राहकांना तेच जुनं परिपत्रक दाखवत राहिल्या. शेवटी ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला लिहून कळवावं लागलं की त्या परिपत्रकाचा आधार आता घेता येणार नाही. त्याच वर्षी संसदेच्या हिवाळी अधिवेशनाच्या कामकाजात क्रिप्टोचं विधेयक लागलं होतं, पण ते सभागृहात मांडलं गेलं नाही. मग २०२२ च्या अर्थसंकल्पात थेट कर आला. ७ मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना, म्हणजे जिथे क्रिप्टो घेता-विकता येतं त्या कंपन्यांना, मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदाही लागू झाला.

म्हणजे आज कर आहे, केवायसी आहे, संशयास्पद व्यवहार कळवण्याची सक्ती आहे. पण शेअरच्या दलालानं फसवलं तर सेबीकडे जाता येतं, तसं दार इथे नाही. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, तोही इथे नाही. कर भरताना आपण सरकारच्या हिशेबात असतो, तक्रार घेऊन गेलो की नसतो. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं. आणि म्हणूनच खाली 'कागद ठेवा' असं मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कारण वेळ आली की तो कागदच आपल्या बाजूनं बोलतो.

पायरी १ : एक्स्चेंज निवडताना

पहिली गोष्ट, ते एक्स्चेंज केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययू-इंडियाकडे नोंदलेलं आहे का ते पाहा. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस या विभागानं बायनान्स, कूकॉइन, क्रॅकन अशा नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या साइट भारतात बंद झाल्या. ज्यांची नाणी तिथे होती त्यांची धावपळ मी जवळून पाहिली. अ‍ॅप उघडेना, आणि विचारायचं कुणाला तेही कळेना. पुढे बायनान्सला १८.८२ कोटी रुपयांचा दंड झाला, नोंदणी झाली आणि सेवा पुन्हा सुरू झाली. मधल्या काही महिन्यांचा भुर्दंड मात्र ग्राहकांनीच सोसला.

नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्या. तिचा संबंध मनी लाँडरिंगवर लक्ष ठेवण्याशी आहे. तुमची नाणी सुरक्षित राहतील अशी हमी त्यात कुणीही दिलेली नाही.

दुसरी गोष्ट, अटींमध्ये तुमचा करार कुठल्या कंपनीशी होतोय ते वाचा. वझीरएक्स हे मुंबईतून उभं राहिलेलं नाव. १८ जुलै २०२४ रोजी तिथून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. त्यानंतर पुनर्रचनेची प्रक्रिया चालली ती सिंगापूरच्या न्यायालयात, आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. आपण भारतीय कंपनीकडे पैसे ठेवलेत असं समजून बसलेल्या अनेकांना सिंगापूरचं नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं. याच चोरीतून उभ्या राहिलेल्या एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळता येते. सामान्य ग्राहकाच्या बाजूनं झालेली ही मोठी गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट फारसं कुणी विचारत नाही. घेतलेली नाणी तिथून स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे फक्त आपल्याच ताब्यातल्या डिजिटल पाकिटात, काढता येतात का? काही अ‍ॅपवर फक्त घेता आणि विकता येतं. सगळ्या ग्राहकांना सगळी नाणी काढू देतात असं समजू नका, खाते उघडण्याआधी विचारा.

केवायसीच्या वेळी आपल्याकडची एक खास अडचण येते. पॅनवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असतो आणि जुन्या बँक खात्यावर शाळेच्या दाखल्याप्रमाणे आडनाव आधी असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर पॅन एका नावाचं आणि पासबुक दुसऱ्या नावाचं, हे सर्रास असतं. पैसे आत जाताना कधीकधी हे चालून जातं, बाहेर येताना अडतं. पॅन, आधार आणि बँक खातं तिन्हीकडे नाव आधी सारखं करून घ्या. त्यात महिना गेला तरी जाऊ द्या.

महिन्याला ठरावीक परतावा देतो असं जो म्हणेल त्याच्याकडे पैसे द्यायचेच नाहीत. गेनबिटकॉइन योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष होतं. त्यात पुण्यासह राज्यभरातले लोक अडकले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी योजनेच्या सूत्रधाराला अटक केली. लोकांच्या पैशांचा प्रश्न मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं तपासातच राहिला.

पायरी २ : बँक खातं वेगळं ठेवा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. पगार, घराचा हप्ता, मुलांची फी, एसआयपी यांच्या खात्यातून क्रिप्टोचा एकही व्यवहार करू नका. किमान शिल्लक कमी लागणारं साधं बचत खातं उघडा आणि एक्स्चेंजला फक्त तेच जोडा. खातं स्वतःच्याच नावावर हवं. भावाच्या किंवा बायकोच्या खात्यातून पैसे टाकले तर एक्स्चेंज ते परत पाठवतं, आणि पुढे कधी प्रश्न आला तर दोघांना उत्तरं द्यावी लागतात.

पायरी ३ : दोन हजारांची एक फेरी मारा

मोठी रक्कम घालण्याआधी २,००० रुपये आत टाका, कुठलंही मोठं नाणं घ्या, दुसऱ्या दिवशी विका आणि रुपये बँकेत परत आणा. नफा-तोट्याकडे बघू नका. विक्रीच्या वेळी सुमारे २० रुपये टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारकडे जमा होणारा कर, कापलेला दिसेल, एक्स्चेंजची फी दिसेल, त्या फीवर १८ टक्के जीएसटी दिसेल. रुपये बँकेत यायला किती वेळ लागला, बँकेनं काही विचारलं का, हे लिहून ठेवा. आत जायला दोन मिनिटं लागतात. बाहेर यायला किती लागतात हे २,००० रुपयांत कळलेलं बरं. या फेरीचं स्टेटमेंट लगेच डाउनलोड करा आणि वर्षाच्या नावाची एक फाइल उघडून त्यात ठेवा.

पायरी ४ : कराचं गणित

इथे थोडं थांबू, कारण शेअर बाजारातून आलेले लोक इथेच हमखास चुकतात.

क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे प्रत्यक्षात ३१.२ टक्के. नाणं एक दिवस ठेवा नाहीतर पाच वर्षं, दर तोच. नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते. इंटरनेटचा खर्च, सल्लागाराची फी वगैरे काही धरता येत नाही. 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण ती सवलत या नफ्याला लागू नाही. एरवी ज्याला एक रुपयाही कर बसत नाही अशा कॉलेजच्या मुलालासुद्धा क्रिप्टोच्या पहिल्या रुपयापासून कर बसतो.

आता तोट्याचं बघा. समजा एका नाण्यात तुम्ही ५०,००० घातले आणि ७०,००० ला विकलं. नफा २०,०००. दुसऱ्यात ६०,००० घातले आणि ३५,००० ला विकलं. तोटा २५,०००. खिशाचा हिशेब सांगतो की वर्षअखेर ५,००० रुपये गेले. आयकराचा हिशेब सांगतो की २०,००० चा नफा झाला, त्यावर ६,००० कर आणि २४० उपकर, एकूण ६,२४० भरा. २५,००० चा तोटा त्या नफ्यातून वजा होत नाही. पगारातून होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे ५,००० गमावलेल्या माणसाचे शेवटी ११,२४० जातात. शेअरमध्ये तोटा पुढे ओढता येतो, घर विकताना झालेला तोटाही ओढता येतो, मग इथेच का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. लहान गुंतवणूकदाराला मारणारी तरतूद ही आहे.

टीडीएस वेगळा. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या पूर्ण रकमेवर १ टक्का कापला जातो. तोटा झाला तरी कापला जातो. कायद्यात वर्षाला १०,००० आणि ठरावीक व्यक्तींसाठी ५०,००० अशी मर्यादा आहे, पण बहुतेक एक्स्चेंज पहिल्या विक्रीपासूनच कापतात. वरच्या उदाहरणात ७०० आणि ३५० मिळून १,०५० रुपये आधीच कापले गेले असतील, तेव्हा ६,२४० मधून ते वजा करून ५,१९० भरायचे.

हा एक टक्का किरकोळ वाटतो, पण रोज घेऊन रोज विकणाऱ्याला विचारा. १०,००० रुपयांपासून सुरुवात करा आणि शंभर वेळा विका. भाव जागचा हलला नाही असं धरलं तरी हातात सुमारे ३,६६० उरतात. बाकीचे सरकारकडे जमा. ते बुडत नाहीत, रिटर्न भरलं की परत मिळतात, पण तोवर व्यवहाराला भांडवल नाही.

एक नाणं देऊन दुसरं घेणं ही कायद्याच्या नजरेत विक्रीच. बिटकॉइन देऊन ईथर घेतलं, हातात एक रुपया आला नाही, तरी त्या दिवसाच्या भावानं नफा मोजला जातो आणि टीडीएसही कापला जातो. 'मी रुपये काढलेच नाहीत, मग कर कसला?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय.

नफा मोठा असेल आणि टीडीएस जाऊन वर्षाचा कर १०,००० च्या वर जात असेल तर आगाऊ करही भरावा लागतो. १५ मार्चच्या आत हिशेब करा, नाहीतर व्याज लागतं.

पायरी ५ : पी-टू-पी, आणि माझं अडकलेलं खातं

हा टीडीएस टाळण्यासाठी बरेच जण पी-टू-पीकडे, म्हणजे एका माणसानं थेट दुसऱ्याला विकण्याकडे, वळतात. तुमचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) एक्स्चेंज धरून ठेवतं, समोरचा माणूस यूपीआय किंवा आयएमपीएसनं थेट तुमच्या खात्यात रुपये पाठवतो, रुपये आले की तुम्ही यूएसडीटी सोडता. भाव दोन-चार रुपयांनी चांगला मिळतो. ते रुपये कुणाचे आहेत हे मात्र तुम्हाला कळत नाही. शिवाय पी-टू-पीत टीडीएस माफ नाही, तो कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते एवढंच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी ४२,००० रुपयांचे यूएसडीटी असे विकले. घेणाऱ्याचे जुने व्यवहार बरेच होते, शेरे चांगले होते. पैसे आले ते तिसऱ्याच नावाच्या खात्यातून. त्यानं लिहिलं, 'भावाच्या खात्यातून पाठवलेत.' मी घाईत होतो, सोडून दिलं. एकोणीस दिवसांनी किराणा दुकानात ३४० रुपयांचं यूपीआय गेलं नाही. बँकेत गेलो तर उत्तर एकच, "वरून होल्ड आहे." पगाराचे सगळे पैसे आत, घराचा हप्ता परत गेला, त्याचा दंड लागला. आईची औषधं मेहुण्यानं आणून दिली.

घडलं होतं ते असं. कुणीतरी ऑनलाइन फसवला गेला. त्यानं सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. पोलिसांनी पैशाचा माग काढला. ते एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिथून माझ्याकडे आले होते. त्या साखळीतल्या प्रत्येक खात्यावर टाच आली. तक्रारदाराचं चुकलं नव्हतं, पोलिसांनाही पैसा थांबवायचाच होता. पण साखळीच्या टोकाला असलेल्या माणसाला काही कळवण्याची, त्याचं ऐकून घेण्याची सोय कुठे दिसत नव्हती. तक्रार दुसऱ्या राज्यातली, शाखेतल्या साहेबांना तपशील माहीत नाही, आणि पोलीस ठाण्याचा फोन सतत व्यग्र.

पी-टू-पी करू नका, असंच मी नव्या माणसाला सांगतो. तरीही करणार असाल तर पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि एक्स्चेंजवरचं केवायसीचं नाव अक्षरशः एकच हवं. वेगळं असेल तर यूएसडीटी सोडू नका, एक्स्चेंजकडे तक्रार टाका. बाजारभावापेक्षा फार जास्त देणारा माणूस टाळा. बोलणं एक्स्चेंजच्या चॅटमध्येच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नेऊ नका.

पायरी ६ : खात्यावर होल्ड लागलाच तर

पहिल्याच दिवशी बँकेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात चार गोष्टी मागा : तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव, तपास अधिकाऱ्याचा ईमेल आणि वादातली नेमकी रक्कम. तोंडी विचारलं तर 'सायबरचा होल्ड' एवढंच ऐकायला मिळतं, लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं नाही तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवस झाले तरी दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे.

त्याच अर्जात लिहा की वादातली रक्कम तेवढी अडवून बाकीचं खातं मोकळं करावं. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये पी-टू-पीसारख्याच प्रकरणांत खात्यावरची टाच तक्रारीतल्या रकमेपुरती ठेवायला सांगितलं होतं, त्याचा उल्लेख करा. पोलिसांचा हा अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मधून येतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता. आदेश कुठल्या कलमाखाली आहे तेही विचारून घ्या.

मग तपास अधिकाऱ्याला एकच व्यवस्थित ईमेल पाठवा. ऑर्डर क्रमांक, यूटीआर (बँकेतल्या व्यवहाराचा) क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, एक्स्चेंजचं स्टेटमेंट, तुमचं केवायसी, आणि यूएसडीटी कधी कुठून घेतले होते त्याचा पुरावा. ते तुम्ही आधी विकत घेतले होते हे कागदावर दिसलं की तुमचं म्हणणं टिकतं. माझं खातं असंच सुटलं. ४२,००० मात्र अजून अडकलेले आहेत, त्यांना न्यायालयाचा आदेश लागेल.

'पाच हजार द्या, होल्ड काढून देतो' म्हणणारे मध्यस्थ तेव्हा लगेच भेटतात. त्यांना एक रुपया देऊ नका. आणि फोनवरून कुणी 'ते पैसे परत पाठवा' म्हटलं तर परस्पर पाठवू नका, ते पोलिसांमार्फतच होऊ द्या.

पायरी ७ : स्वतःचं वॉलेट

रक्कम वाढली की नाणी एक्स्चेंजवर न ठेवता स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवावीत. वॉलेट उघडताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. ते वहीत हातानं लिहा, फोटो काढू नका, ईमेलमध्ये ठेवू नका. ते हरवले तर नाणी गेली. इथे 'पासवर्ड विसरलात?' असं बटण नसतं. पहिल्यांदा अगदी थोडी रक्कम पाठवून बघा आणि दोन्हीकडे नेटवर्क एकच निवडलंय ना ते तपासा. टीआरसी-२० या नेटवर्कवर पाठवलेले यूएसडीटी ईआरसी-२० या दुसऱ्याच नेटवर्कच्या पत्त्यावर शोधत बसलेला माणूस मी पाहिलाय. आणि ती वही कुठे आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत हवं. बँकेत वारसाचं नाव लावता येतं, या वॉलेटला तशी सोय नाही.

पायरी ८ : रिटर्न

सहज सोपा आयटीआर-१ इथे चालत नाही. पगारदारानं आयटीआर-२ आणि धंदा असेल त्यानं आयटीआर-३ घ्यावा. त्यात व्हीडीए (आभासी डिजिटल मालमत्ता) नावाचा वेगळा तक्ता आहे. प्रत्येक विक्रीची तारीख, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, विक्रीची रक्कम अशी एकेक ओळ भरायची. शंभर व्यवहार असतील तर हे काम जुलैमध्ये एका रात्रीत होत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट उतरवून फाइलीत टाकत चला. एक्स्चेंज बंद पडलं की स्टेटमेंटही मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला नवा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या लेखांतली ११५बीबीएच (कर) आणि १९४एस (टीडीएस) ही कलमं त्या उत्पन्नाच्या नव्या फॉर्ममध्ये शोधू नका.

भरण्याआधी आयकराच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे खात्याकडे असलेली तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची माहिती, उघडा. एक्स्चेंजनं कापलेला टीडीएस तिथे दिसतो, आणि त्यावरून तुमची विक्री किती झाली हे खात्याला आधीच माहीत असतं. बऱ्याच लोकांना आलेल्या नोटिसा याच फरकामुळे आल्या. टीडीएस कापलेला दिसतोय, पण रिटर्नमध्ये क्रिप्टोचं नावही नाही. तोटा झाला असला तरी तो तक्ता भरा. कर शून्य आला तर कापलेला टीडीएस परत मिळवायचा तोच मार्ग आहे. आणि रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. ते राहिलं तर रिटर्न वेळेत भरलेलं धरत नाहीत आणि टीडीएसचा परतावाही तिथेच थांबतो.